बायपास उघडा होता ते दिवस

६ फेब्रुवारी १९९७, गुरुवार

मारुतीच्या सायकलची किल्ली माझ्याच खिशात राहिली. काल परत आलो तेव्हा पँट धुवायला घेताना बायकोला, नंदाला सापडली. "कोणाची?" म्हणाली. सांगितलं. तिने ती देवाच्या फळीवर ठेवली. मग तिथून काढून मीटरच्या खोक्यावर ठेवली.

सोमवारी दुपारी आमचा हेल्पर मारुती जाधव पंप हाऊसच्या विहिरीत उतरला आणि गॅसने गेला. मी ऑपरेटर. वर होतो.

मंगळवारी बॉडी घेऊन त्याच्या गावी गेलो. साताऱ्याच्या पुढे, जावळीत. घाटात ड्रायव्हर दोनदा चहाला थांबला. दोन्ही वेळा मीपण प्यायलो.

आज ड्यूटी. रजिस्टरमध्ये सोमवारचं पान बघितलं. दोनचं रीडिंग माझ्या अक्षरात. तीनचं कोरं. चारचं दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात, निळ्या पेनाने.


७ फेब्रुवारी, शुक्रवार. अमावास्या

पोलिसांनी विहिरीला सील लावलंय. चौकशी होईपर्यंत पंप बंद. पण नेरूळचं सांडपाणी बंद होत नाही. लोक सकाळी उठणार, आंघोळी करणार, संडासात पाणी टाकणार. ते सगळं आमच्या विहिरीत येतं आणि इथून पंपाने प्लांटला जातं. आता विहीरच बंद. म्हणून दहाला ऑफिसचा फोन: बायपास खोला.

बायपास म्हणजे लोखंडी गेट, वर चाक. उघडला की मैला सरळ नाल्यात, नाल्यातून तिवरांच्या झाडीत, तिथून खाडीत. एरवी वर्षातून एकदा ग्रीस लावायला फिरवतो. चाक गंजलं होतं. दांड्यात पाईप अडकवून फिरवलं. बेचाळीस फेरे. मोजले, कारण मोजायला ते होतं.

पाणी पहिल्यांदा लाल आलं, गंजाचं. मग काळं.

खाडीच्या काठाला आमचं गाव. इथून चालत वीस मिनिटं.


९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. नंदाने सुकट भाजली. शेजारीण दारातून म्हणाली, काय वास सुटलाय. मला आला नाही. परवा फिनाईलचाही नाही आला. सर्दी नाही. नंदाला सांगितलं नाही.

संध्याकाळी दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली. मी आयटीआय केलेला, म्हणून ती मी घेतली आणि नेरूळला राहायला आलो. दादाने होडी घेतली. गावातलं घरही त्याच्याकडेच. भांडण कधी झालं नाही त्यावरून.

बसल्या बसल्या म्हणाला, "पानी कालं परलंय."

"बायपास उघडलाय."

"कोनी?"

"मी."

चहा आला. बशीत ओतून फुंकत बसला. "किती दिस रं?"

"माहीत नाही. चौकशी होईस्तोवर."

बशी खाली ठेवली. निघताना चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता: "तो मानूस... आमी टोपली घेऊन आलो म्हनून उतरला कं?"

नाही म्हणालो. फार पटकन म्हणालो.


११ फेब्रुवारी, मंगळवार

परवा ऑफिसात जबाब घेणार आहेत. त्याच्याआधी झालं तसं इथे लिहून ठेवतो. नंतर मी बदलेन.

विहिरीच्या तळाशी जाळी आहे. चिंध्या, प्लॅस्टिक पंपात जाऊ नये म्हणून. ती गुरुवारपासून तुंबली होती. वरून आकडी घालून काही निघेना. पंपाला पाणी मिळेना, मागे चेंबर भरून वाहायला लागलं, खाडीत जायला लागलं. चार दिवस.

सोमवारी सकाळी दादा आणि गावातले पाचजण गेटवर आले. टोपलीत मेलेली मासळी. बोय, खरबी, दोन जिताडे. दादा मागे उभा होता, पुढे झाला नाही. मला लाज वाटली. त्याची की माझी ते नाही सांगता येणार. मी ऑफिसला फोन लावून साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, ब्लोअर दुसऱ्या पंप हाऊसला आहे, उद्या मिळेल. मग म्हणाले, "तोपर्यंत आज काय होतंय बघा. वरून मला विचारतायत."

हे मी मारुतीला जसंच्या तसं सांगितलं. आज काय होतंय बघा.

मारुती म्हणाला, "एक गोणपाट तर अडकलंय. दहा मिनटाचं काम. तुमचा भाऊ पण आलाय बिचारा."

थांब म्हणायला पाहिजे होतं. ब्लोअरने हवा सोडल्याशिवाय उतरायचं नाही, दिवा सोडून बघायचा, हे भिंतीवर लिहिलंय. मला जाळी मोकळी व्हायला हवी होती.

अडीचला उतरला. कमरेला दोर, दोर माझ्या हातात. खालच्या फळीवर पोचला. गोणपाट ओढलं तसा खालचा गाळ हलला. मी विचारलं, वास येतोय का?

"मगाशी आला. आता न्हाई येत."

ट्रेनिंगला आम्हाला सांगितलंय. सडक्या अंड्याचा वास येत असतो आणि एकदम यायचा बंद होतो, तेव्हा गॅस गेला असं समजू नका. नाक मेलं समजा आणि ताबडतोब वर या, नाहीतर हाक मारायच्या आत शुद्ध जाते. मारुतीला ट्रेनिंग नव्हतं, हेल्परना देत नाहीत. मला होतं.

मला कळलं. कळलं आणि तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला.

दोर रेलिंगला दोन वेढे मारून बांधला आणि फोन घ्यायला गेलो. साहेब होते. झालं का, विचारत होते. होतंय म्हणालो. दोन मिनिटं. जास्त नाही.

परत आलो तर दोर ताठ, पण हलत नव्हता. हाका मारल्या. ओढला. एकट्याने ओढवेना, कुठेतरी अडकला होता. वॉचमन धावत आला. मी शिडीवर पाय टाकला तर त्याने मला कॉलर धरून मागे ओढलं. फायर ब्रिगेडला पाऊण तास लागला.

एवढंच. यात बदल करायचा नाही.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

जबाब झाला.

साहेबांनी आधी केबिनमध्ये बोलावलं. पंखा बंद, खिडकी बंद. साहेब वाळलेत. समोर फाईल उघडी. "ब्लोअरसाठी मी दोनदा लेखी मागणी केली होती, म्हात्रे. हे बघा, कॉप्या. दिला नाही कोणी. आता मलाच लटकवणार."

कॉप्या खऱ्या होत्या.

मग म्हणाले, "मी फोन केला होता, असं तुम्ही म्हणालात तर तुम्ही फोन घ्यायला गेलात, असंही होतं. मग दोर कोणाकडे होता, असं होतं. मी कोणाला काही बोललेलो नाही."

आवाज चढवला नाही. धमकी दिली असंही म्हणवत नाही. तिथे दोन माणसं होती आणि दोघांना घरी जायचं होतं.

जबाब टाईप करून तयार होता. मयत मारुती जाधव हा कोणाचीही सूचना नसताना, मना केले असताना, स्वतःहून विहिरीत उतरला. त्या वेळी मी मीटर रीडिंग घेत होतो. वाचा म्हणाले. वाचला. 'रीडिंग'मधला दीर्घ ऱ्हस्व पडला होता, तो दुरुस्त करून दिला. सही केली.

घरी जाताना वाटेत कलिंगड घेतलं. का घेतलं कळलं नाही. चव बरी होती.


१६ फेब्रुवारी, रविवार

भांगाचे दिवस. भरतीला जोर नाही, घाण खाडीतून बाहेरच जात नाही. उधाण असतं तर निदान पाणी हललं असतं.

सकाळी दादाकडे गेलो. आई ओट्यावर बसून होती. काठाला मासळी उलटी पडलेली, पांढरी रेघ लांबपर्यंत. कावळेपण खात नव्हते. निवट्या, चिखलातली मासळी ती, बिळाच्या तोंडाशी येऊन मेल्यात. आई म्हणाली, "जल्मात नाय बगितलं असं." मला म्हणाली नाही. असंच म्हणाली.

प्लांटच्या लॅबमधल्या देसाई बाई आल्या होत्या खाडीचं पाणी तपासायला. त्यांना होडी पाहिजे होती. दादाने नेलं, मी पण बसलो. बाईंनी पाणी बाटलीत भरलं, त्यात दोन औषधांचे थेंब टाकले. म्हणाल्या, "तपकिरी झालं तर पाण्यात हवा आहे. पांढरं राहिलं तर नाही."

पांढरं राहिलं. दुधासारखं.

दादाने विचारलं, विष हाय कं? बाई म्हणाल्या, विष नाही. घाण कुजते ना, ती पाण्यातली हवा खाऊन टाकते. मासे गुदमरतात.

दादा माझ्याकडे बघत होता. मी वल्ह्याकडे. बाईंना काही माहीत नव्हतं, त्या पुढची बाटली भरत होत्या.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मारुतीची बायको आली गावाहून. शालन. दोन मुली गावाला सासूकडे ठेवून आलीय, कागदपत्रांसाठी. कामोठ्यात त्यांची खोली आहे, भाड्याची. ड्यूटी संपल्यावर मारुतीची सायकल घेऊन गेलो. चालवली नाही, हातात धरून नेली, पूल ओलांडून, दीड-दोन तास.

तिने सायकल आत घेतली आणि भिंतीला लावली. खोलीत मग बसायला जागा उरली नाही. ती मोरीच्या कठड्यावर बसली, मी दारात.

"भाऊजी, तुमी हुता न्हवं तितं?"

"होतो."

"काय म्हनलं शेवटचं?"

"चहा सांगून ठेवा म्हणाला. वर आल्यावर पिऊ."

हे उतरायच्या आधी म्हणाला होता. खोटं नाही. शेवटचं पण नाही.

ती हसली थोडी. "च्याचं लई येड." मग डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. खाल्ला.


२६ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. ड्यूटी. बंद पंपांचं रीडिंग घ्यायला सांगितलंय. दर तासाला शून्य लिहितो. चोवीस रकाने, तीन पाळ्या. दोन तासांचं एकदम लिहिलं तर चालेल का, विचारलं. नाही म्हणाले.


४ मार्च, मंगळवार

दादाने जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली. जासईच्या यार्डात जातो आता, कंटेनर धुवायला. एकाच्या टेम्पोतून सकाळी सहाला. हात सोलवटलेत, साबणात काहीतरी आहे म्हणतो.

"खारी मेली, मग काय करू? बसून ऱ्हाऊ?"

मी म्हणालो, गेट बंद झाला की परत येईल मासळी.

"तुला कोन म्हनला?"

देसाई बाई.

"बाईला इचार, कवा."

आईने बाजारातून मासळी आणली. विकत. पाटीवाल्या बाईशी भाव करायला तिला जमेना, सांगेल त्या भावाने घेऊन आली. ती स्वतः चाळीस वर्षं पाटी घेऊन फिरली.


११ मार्च, मंगळवार

शालन पंप हाऊसवर आली. ऑफिसमधून पत्र मिळालंय, पण वाचून सांगायला कोणी नाही. तिला सही करता येते, बाकी नाही. तिचा भाऊ वाशीच्या मार्केटला माथाडी आहे, तो पाळीवर होता. म्हणून माझ्याकडे.

"वाचा जरा. काय म्हनत्यात?"

झाडाखाली उभं राहून वाचलं. तिने नोकरीसाठी अर्ज केला होता, नवऱ्याच्या जागी, झाडलोटीची का होईना. पत्रात: मयत हा वरिष्ठांच्या सूचनेशिवाय व मना केले असताना स्वतःच्या जबाबदारीवर विहिरीत उतरल्याचे ऑपरेटर म्हात्रे यांच्या जबाबावरून दिसून येते. सबब वारसाचा अर्ज तूर्त विचारात घेता येत नाही.

वाचताना 'ऑपरेटर म्हात्रे यांच्या जबाबावरून' गाळलं. जीभ आपोआप पुढच्या शब्दावर गेली.

ती म्हणाली, "सोताहून उतरले म्हनत्यात?"

"हो."

"त्ये विहिरीला भीत हुते, भाऊजी. गावाकडं पन कदी पवाय उतरले न्हाईत."

पत्राची घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. कामोठ्याची एस.टी. किती वाजता, विचारलं. सांगितली.


१२ मार्च, बुधवार

शून्य शून्य शून्य.


१५ मार्च, शनिवार

नंदाने विचारलं, काय झालंय? महिना झाला, तू जेवतोस पण जेवण कसं झालंय ते सांगत नाहीस.

तिला रोजनिशी दिली. ११ फेब्रुवारीचं पान उघडून.

ती स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, चार, पाच. मी उठून गॅस बंद केला. वाचून झाल्यावर वही मिटून माझ्या हातात दिली.

"त्याच्या बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"नोकरी जाईल?"

"जाऊ शकते."

नंदा बराच वेळ ओटा पुसत होती. पुसलेलाच. मग म्हणाली, "उद्या रविवार आहे."


१६ मार्च, रविवार

कामोठ्याला गेलो. शालन तांदूळ निवडत होती. सायकल अजून भिंतीला, तिच्यावर वाळत घातलेलं लुगडं.

सांगितलं. पत्रातलं जे गाळलं होतं ते आधी. मग साहेबांचा पहिला फोन, मी त्याला काय म्हणालो ते, मग दुसरा फोन, रेलिंगला बांधलेला दोर. न थांबता सांगितलं, रजिस्टर वाचावं तसं.

ती निवडतच होती. एक खडा काढून बाजूला ठेवला.

"फोनवर किती येळ हुता?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनटं," ती म्हणाली. ताट उचलून मोरीत गेली, तांदूळ धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी स्वच्छ झालं तरी धुत होती. पाठ माझ्याकडे. वाटलं रडत असेल. वळली तेव्हा रडत नव्हती.

"ह्ये लिवून द्याल?"

"देतो."

"मग जावा आता."

वासाचं सांगितलं नाही. तेवढंच राहिलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, म्हणजे आधीच लक्षात होतं.


१९ मार्च, बुधवार

दुसरा जबाब लिहिला. हाताने, चार पानं. सगळं लिहिलं. "आता न्हाई येत" हेही, आणि त्याचा अर्थ मला माहीत होता हेही. आवकमध्ये दिला, शिक्का घेतला, एक कॉपी शालनला पोस्टाने.

साहेबांनी दुपारी बोलावलं. जबाब टेबलावर. ओरडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"तुम्ही स्वतःला पण अडकवलंत, म्हात्रे."

"हो."

"कशासाठी?"

मी जबाबावरच्या शिक्क्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "ब्लोअरच्या मागणीच्या कॉप्या मीपण जोडतो. बघू." दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "त्याला दोन मुली ना?"

हो म्हणालो.


२३ मार्च, रविवार. होळी

गावात गेलो. होड्या चिखलात ओढून ठेवलेल्या. पताका लावल्या, नारळ फोडले, पूजा झाली. दरवर्षी होड्या पाण्यात असतात. पोरं नाकाला रुमाल लावून नाचत होती.

कोणी मला काही बोललं नाही. एकाने विचारलं, "मोरूभाऊ, गेट कवा बंद?" मी म्हणालो, वरून हुकूम नाही. तो म्हणाला, वर म्हंजे किती वर?

दादाने प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं. मी त्याला सांगितलं, होळीच्या उजेडात, त्या बाजूला माणसं कमी होती. सांगितलं की मारुतीला मी पाठवला. तू टोपली आणलीस म्हणून मला घाई झाली, पण पाठवला मी.

दादा खोबरं चावत होता. थांबला. "म्हंजे मी बी हायच त्यात."

"नाही."

"हाय रं," म्हणाला. "अर्धा मी घेतू. तुला सगला झेपनार नाय."

मग वहिनीने हाक मारली, तो गेला.


२७ मार्च, गुरुवार

बदलीची ऑर्डर. चौकशी पूर्ण होईपर्यंत पंप हाऊसवर जायचं नाही. प्लांटवर बागेला पाणी देणे. पाणी तिथलंच, शुद्ध केलेलं. आता बायपासमुळे प्लांटला मैलाच येत नाही, त्यामुळे शुद्ध पाणीही नाही. टँकर येतो. लॉन पिवळं पडलंय. नळी धरून उभा राहतो.


३ एप्रिल, गुरुवार

विहिरीचं सील निघालं. नवीन ब्लोअर, नवीन बेल्ट, दोन दोर, दोर धरायला चार माणसं, वर एक डॉक्टरसुद्धा. मला बोलावलं नव्हतं. कुंपणापलीकडून बघत होतो. अर्ध्या तासात जाळी मोकळी. गोणपाट, एक साडी, पोराची चड्डी, नारळाच्या शेंड्या. पसरून ठेवलं उन्हात. ओळखीची होती सगळी, रोज आकडीने काढतो तसलीच.

पंप चालू झाले. मग चारला निरोप आला, बायपासचं चाक फिरत नाही, म्हात्रेंना पाठवा. गेलो. नवीन ऑपरेटर बाजूला उभा राहिला. पाईप अडकवला, फिरवलं. शेवटच्या फेऱ्यांना हात भरून आले. नाल्यातलं पाणी हळूहळू उतरलं, मग चिखल दिसला.

छप्पन्न दिवस. फेब्रुवारी अठ्ठावीसचाच होता म्हणून.


१३ एप्रिल, रविवार

देसाई बाई परत आल्या बाटल्या घेऊन. दादाला सुट्टी होती, होडी काढली. आई घाटावर उभी राहून बघत होती. दोन ठिकाणी पांढरंच राहिलं. तिसऱ्या ठिकाणी, खाडीच्या तोंडाजवळ, किंचित रंग आला. दूध जास्त झालेल्या चहासारखा.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण तळाचा गाळ कुजतोय अजून. वेळ लागेल."

"पावसाल्यानंतर?" दादाने विचारलं.

"सांगता नाही येत हो. यंदाची पिल्लं गेली सगळी."

दादाने उद्या यार्डात जाणार म्हणून होडी परत वर ओढून ठेवली. मी हात लावला. काठावर चिखलात हात कोपरापर्यंत गेले. घरी आल्यावर नंदा म्हणाली, आधी हात धू, घाण येतेय. मी हात नाकाजवळ नेला. कुठेतरी लांब, काहीतरी होतं. की तिने म्हटलं म्हणून वाटलं.


२१ एप्रिल, सोमवार

चौकशीची नोटीस. शुक्रवारी, अकरा वाजता. मी, साहेब, वॉचमन, शालन. चौघांना वेगवेगळं पत्र. माझ्या पत्रात शेवटी: आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये.

नंदाने पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.


२५ एप्रिल, शुक्रवार

ऑफिस. तिसरा मजला. बाकावर बसून लिहितोय, वही पिशवीत होती.

दहालाच आलो. साहेब आधी आत गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले, माझ्याकडे बघून मान हलवली. होकारार्थी की कशी ते कळलं नाही. जिन्याने उतरून गेले.

शालन साडेदहाला आली, भावाबरोबर. तो खाली थांबला, त्याची पाळी होती मार्केटला, पण सोडून आला म्हणे. ती माझ्या बाकावर बसली, मध्ये एक माणसाची जागा सोडून. समोर भिंतीवर पाणी वाचवा असं लिहिलेलं कॅलेंडर.

मग म्हणाली, "भावानं वाचून दावलं. चारी पानं."

मी कॅलेंडरकडे बघत होतो.

"वासाचं मला सांगितलं न्हवतं तुमी."

"नाही."

"का?"

"तोंडाने बोलवलं नाही."

तिने पदर नीट केला. "मला वाटायचं, त्यांनी हाक मारली आसल. तुमास्नी ऐकू गेली न्हाई. रातभर तीच हाक ऐकत हुते मी." थोडं थांबून, "म्हंजे हाक मारलीच न्हाई."

"नाही मारली."

"दुखलं आसल?"

"डॉक्टर म्हणाले, नाही. कळलंही नसेल."

तिने मान हलवली, एकदाच. आत विचारलं तर काय सांगणार आहे, ते तिला विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. माझा हक्क नाही.

आता शिपायाने दार उघडून नाव घेतलं. मला वाटलं माझं घेणार, मी उठलोसुद्धा. तिचं होतं. ती उठली, हातातली कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "धरा जरा," म्हणाली आणि आत गेली. दार लागलं.

वॉचमन पलीकडच्या बाकावर पेंगतोय. आतून बोलण्याचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. आधी कोणी साहेब बोलले. आता ती बोलतेय. थांबत नाहीये.